दहा मिनिटे आणि बारा वर्षे

विद्यार्थ्याची पाच लक्षणे सांगणारे एक संस्कृत सुभाषित आपण सगळ्यांनी लहानपणी घोकलेले असते. धडपड कावळ्यासारखी असावी, ध्यान बगळ्यासारखे असावे, झोप कुत्र्यासारखी असावी, खाणे बेताचे असावे आणि विद्येसाठी घर सोडण्याची तयारी असावी. वर्गात बसलेल्या मुलामुलींकडे पाहून मी कधीकधी या पाच लक्षणांचा ताळा घेते. कावळ्याची धडपड परीक्षेआधी पंधरा दिवस दिसते. बगळ्याचे ध्यानही दिसते, पण ते मोबाइलच्या पडद्यावर लागलेले असते. खाण्याविषयी न बोललेले बरे. राहता राहिली झोप. ती अगदी कुत्र्यासारखीच आहे. फरक इतकाच की कुत्रे जरा खुट्ट झाले तरी जागे होते, आणि आमची मुले तास संपल्याची घंटा झाली की जागी होतात.

गेली काही वर्षे मात्र मी एक निराळा प्रकार पाहते आहे. मुलांना आता कुत्र्याची झोप नको, कुत्राच हवा आहे. तास संपल्यावर टेबलापाशी घुटमळणाऱ्या मुलींपैकी एखादी हळूच विचारते, "मॅडम, कुत्रा पाळू का?" हा प्रश्न मराठीच्या बाईंना का विचारायचा, ते मला प्रथम कळेना. पुढे उलगडा झाला. प्राणिशास्त्राच्या सरांना विचारले तर ते रोग सांगतील, गणिताच्या सरांना विचारले तर ते खर्च सांगतील. मराठीच्या बाई मात्र 'पाळ की!' म्हणतील, अशी मुलांची समजूत असते. साहित्य शिकवणाऱ्या माणसाविषयी जगाचा हा गैरसमज फार जुना आहे. त्याला हिशेब येत नाही असेच सगळे धरून चालतात.

कॉलेजात शिकताना कुत्रा पाळण्याची हौस काही आजची नव्हे. इंग्रज कवी लॉर्ड बायरन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकत होता, तेव्हाची गोष्ट. कॉलेजात कुत्रा ठेवायला मनाई होती. बायरनने १८०७ साली चक्क एक अस्वल आणून ठेवले. का, तर नियमांत अस्वलाचे नाव नव्हते! या अस्वलाला आपण कॉलेजची फेलोशिप मिळवून देणार आहोत, असेही त्याने थट्टेने लिहून ठेवले आहे. आमच्या वसतिगृहातल्या मुलांच्या हाती हा अंक पडला तर अधीक्षकांनी मला क्षमा करावी.

पण याच बायरनची दुसरी गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही. त्याचा बोट्सवेन नावाचा न्यूफाउंडलंड जातीचा लाडका कुत्रा १८०८ साली रेबीज होऊन गेला. पिसाळलेल्या त्या जनावराची शुश्रूषा बायरनने जिवाची पर्वा न करता स्वतः केली, आणि न्यूस्टेड ॲबी या आपल्या वाड्याच्या आवारात त्याची समाधी बांधली. लुई पाश्चरची लस माणसाला पहिल्यांदा टोचली गेली ती १८८५ साली. म्हणजे बायरनला आपल्या कुत्र्यासाठी शुश्रूषेपलीकडे काही करता येण्याजोगे नव्हते. आपल्याला आहे. शिवाय बायरनच्या पदरी नोकरचाकर होते. चौथ्या मजल्यावर तिघींत दोन खोल्या घेऊन राहणाऱ्या आमच्या मुलींच्या पदरी फक्त सबमिशने असतात.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न माझ्याच घरी, माझ्याच पानासमोर येऊन बसला.

माझी भाची पुण्यात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर साताऱ्याला. रविवारी ती माझ्याकडे जेवायला येते. एका रविवारी वरणभाताचा पहिला घास घेऊन ती म्हणाली, "मावशी, मी कुत्रा पाळायचं ठरवलंय."

"ठरवलंयस की ठरवते आहेस?"

"ठरवतेय."

"मग आधी जेव. रिकाम्या पोटी माणूस काहीही ठरवतो."

जेवण झाल्यावर तिने पिशवीतून एक कागद काढला. आर्किटेक्चरची विद्यार्थिनी ती, तेव्हा कागदावर पट्टीने आखलेले दोन रकाने होते. एकावर 'फायदे', दुसऱ्यावर 'तोटे'. फायद्यांच्या रकान्यात सात कलमे होती. तोट्यांच्या रकान्यात एकच शब्द होता, 'वेळ', आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. मला वाटले, साऱ्या कागदावर सर्वांत प्रामाणिक काही असेल तर ते हे प्रश्नचिन्हच.

हकिकत अशी होती. तिच्या इमारतीच्या जिन्याखाली एका भटक्या कुत्रीला चार पिल्ले झाली होती. त्यांतले एक पांढरे, एकच कान तपकिरी असलेले, हिच्या पायात पायात यायचे. रात्री उशिरा कॉलेजातून परतली की जिन्यापर्यंत सोबत करायचे. एवढ्यावर प्रेम जडायला काय उशीर! मलाही जडले असते.

मी तिच्या कागदाची मागची बाजू घेतली आणि म्हटले, "ये, आपण वेळापत्रक मांडू. तुझं नको, पिल्लाचं."

दोन महिन्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये, हे पहिले. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयी सरकारने २०१७ साली जे नियम केले, त्यांतही आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला मनाई आहे. तेव्हा समजा दोन महिन्यांचे पिल्लू घरात आले. पिल्लाला लघवी किती वेळ आवरता येते, याचा एक ढोबळ हिशेब आहे. जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास, तेही फार झाले. भाचीचे कॉलेज सकाळी नऊला सुरू होते आणि पाचला सुटते. म्हणजे पिल्लू बिचारे दिवसातून निदान दोनदा चुकणार आणि संध्याकाळी दमून आलेली मुलगी दप्तर टाकून आधी लादी पुसणार. रात्रीही तीन तासांचाच हिशेब. कुत्र्याची झोप पिल्लाला लागो न लागो, हिला खात्रीने लागेल!

मग खाणे. एवढ्या लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे लागते. आपल्या ताटातले उरलेले घातले की झाले, असे आपण समजतो. पण कांदा आणि लसूण कुत्र्याला बाधतो, द्राक्षे आणि बेदाणे तर विषासारखे, चॉकलेटचेही तेच. आता कांदालसणाशिवायची कोणती उसळ खानावळीच्या डब्यात येते, ते मला सांगा. म्हणजे पिल्लाचा स्वयंपाक निराळा. जी मुलगी स्वतःसाठी दोन मिनिटांच्या शेवयांपलीकडे चूल पेटवत नाही, तिला हा संसार.

मग औषधपाणी. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लशी सुरू होतात. त्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्याव्या लागतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तशी ती पुन्हा पुन्हा. जंतांचे औषध वेगळे. पावसाळ्यात गोचिड्या. आणि पार्व्होसारखा आजार झालाच तर दोन-चार दिवस पिल्लापाशी बसून काढावे लागतात. तो आजार सबमिशनची तारीख विचारून येत नाही.

घरमालकाचा प्रश्न उरलाच होता. गृहनिर्माण संस्थेने कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालू नये, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली सांगितले आहे. पण ती गोष्ट संस्थेची. भाड्याच्या करारात घरमालकाने 'पाळीव प्राणी नकोत' असे लिहिलेले असेल आणि आपण त्याखाली सही केलेली असेल, तर वाद कुत्र्याचा राहत नाही, सहीचा होतो. भाचीने करार काढून पाहिला. नववे कलम होते.

हा सारा वेळ ती गप्प होती. मला वाटले, गणित पटले. पण गणित पटले की माणूस गप्प बसतो, आणि दुखावला तरी गप्प बसतो. शेवटी ती म्हणाली, "मावशी, संध्याकाळी कुलूप उघडलं ना, की आत कोणीच नसतं गं. एक रात्रपाळीला गेलेली असते, दुसरी अभ्यासिकेत. दिवा मीच लावते. कोणीतरी दाराशी धावत यावं, एवढंच वाटतं."

वाचकहो, मी दोन दशकांहून अधिक काळ वर्गात बोलते आहे. पण त्या क्षणी मला चटकन काही सुचले नाही.

सुभाषितातले पाचवे लक्षण मला तेव्हा आठवले. विद्यार्थी गृहत्यागी असावा. आपण ते किती सहज म्हणतो! अठराव्या वर्षी मुलामुलींना आपण एसटीत बसवून देतो. सोबत लाडवांचा डबा, बँकेचे खाते आणि 'अभ्यास कर' एवढा उपदेश. ज्या घराचा त्याग करायला आपण त्यांना सांगतो, त्या घरात दार उघडायला माणूस होते, हे आपण विसरतो. फीचा हिशेब होतो, खोलीच्या भाड्याचा होतो, अनामत रकमेचा होतो. संध्याकाळी सातचा हिशेब कोणी करत नाही. मुले फोनवर 'सगळं ठीक' म्हणतात आणि आपण ते ठीक धरून चालतो. तेव्हा एखादा विद्यार्थी कुत्रा मागतो, तो दरवेळी चैन म्हणून मागतो असे समजू नये. पुष्कळदा तो दाराशी कोणीतरी असावे, एवढेच मागत असतो.

अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात या विषयावर एक अभ्यास झाला; तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. दोनशे एकोणपन्नास विद्यार्थी त्यात होते. काहींना कुत्र्यामांजरांना प्रत्यक्ष कुरवाळायला दिले, काहींना दुसऱ्यांनी कुरवाळताना नुसते पाहायला लावले, काहींना त्या प्राण्यांची चित्रे दाखवली, तर काहींना तसेच वाट पाहत बसवले. मग त्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे मनावर ताण आला की शरीरात वाढणारे द्रव्य, मोजले. ज्यांनी प्रत्यक्ष कुरवाळले होते, त्यांच्यात ते सर्वांत कमी निघाले. आणि कुरवाळायला वेळ किती दिला होता? दहा मिनिटे!

ही दहा मिनिटे मला फार महत्त्वाची वाटतात. त्या विद्यार्थ्यांपैकी कोणीही त्या कुत्र्यांचा मालक झाला नव्हता. कोणी कुत्रा घरी नेला नव्हता. तरी त्यांना जे हवे होते ते मिळाले. मी भाचीला म्हटले, "तुला कुत्र्याकडून हवी आहेत दहा मिनिटं. कुत्र्याला तुझ्याकडून हवी आहेत बारा वर्षं. या व्यवहारात फसवणूक कोणाची होते, ते तूच सांग."

बारा वर्षे हा आकडा मी उगाच घेतला नाही. साधारणपणे कुत्रा दहा ते तेरा वर्षे जगतो. भाची एकोणीस वर्षांची. आज आणलेले पिल्लू म्हातारे होऊन जाईल तेव्हा ती एकतीस वर्षांची असेल. एकोणीस आणि एकतीस यांच्या मध्ये माणसाच्या आयुष्यात काय काय होते, ते जरा आठवून पाहा. पदवी, पुढचे शिक्षण, पहिली नोकरी, ती सोडून दुसरी, दुसरे गाव, कदाचित दुसरा देश, लग्न, मूल. बदलायचे ते सारे याच बारा वर्षांत बदलते. विद्यार्थ्याचा पत्ता हा मुळातच तात्पुरता पत्ता असतो. अर्जावर आपण कायमचा पत्ता निराळ्या रकान्यात लिहितो. कुत्र्याला मात्र एकच रकाना ठाऊक असतो.

जपानमधल्या हाचिको नावाच्या कुत्र्याची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. तोक्यो विद्यापीठातले शेतीशास्त्राचे प्राध्यापक उएनो यांचा तो कुत्रा. शिबुया स्थानकावर तो रोज धन्याची वाट पाहायचा. १९२५ च्या मे महिन्यात प्राध्यापक अचानक वारले. हाचिको पुढे १९३५ च्या मार्चपर्यंत जगला, आणि तोवर स्थानकावर येत राहिला. लोक ही गोष्ट निष्ठेची म्हणून सांगतात. मला तिच्यातला दुसराच हिशेब दिसतो. हाचिको प्राध्यापकांकडे आला १९२४ च्या सुरुवातीला. म्हणजे दोघांचा सहवास जेमतेम सव्वा-दीड वर्षाचा. त्या दीड वर्षापायी कुत्र्याने नऊ-दहा वर्षे वाट पाहिली. प्राध्यापकांचा त्यात काय दोष? त्यांना मृत्यूने नेले. पण जो विद्यार्थी दोन वर्षे कुत्रा सांभाळून नोकरीच्या गावी निघून जातो, त्याला तर रेल्वेनेच नेलेले असते. कुत्र्याला या दोन्हींतला फरक कसा कळावा?

आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत मे महिन्यात परीक्षा संपल्या की कधीकधी गळ्यात पट्टा असलेले एखादे कुत्रे हिंडताना दिसते. पट्टा चांगला, कातडी, कधी त्याला घुंगरू लावलेले. भटक्या कुत्र्यांना गल्लीचे कायदे ठाऊक असतात. याला ते ठाऊक नसतात. ते प्रत्येक स्कूटरमागे थोडे धावते आणि थांबते. त्याचा मालक कोण, हे विचारायची सोय नसते. खोली रिकामी झालेली असते आणि जूनमध्ये नवी मुले यायची असतात. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावराला असे उपाशी मरायला सोडून देणे हा गुन्हा ठरवला आहे. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणे, हासुद्धा त्या कायद्याने गुन्हाच. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड ठरला फार तर पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपयांना काही किंमत होती. आता कायद्याच्या धाकापेक्षा मनाच्याच धाकावर भिस्त ठेवावी लागते.

मनाच्या धाकाची गोष्ट निघाली की आपल्याला युधिष्ठिर आठवतो. महाप्रस्थानाच्या वाटेवर मागे लागलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात बसायचे त्याने नाकारले, आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघाला. भाचीने ही कथा माझ्याच तोंडून ऐकलेली. ती तिने माझ्यावरच उलटवली. "बघ, युधिष्ठिरानं नाही सोडला!" मी म्हटले, "नाही सोडला. पण तो कधी निघाला होता, ते आठव. राज्य परीक्षिताला देऊन झालं होतं, सगळी कर्तव्यं उरकली होती, आणि पुढे कुठलीही परीक्षा... बरं, एक परीक्षा होती, ती याच कुत्र्याची." ती हसली. हसली म्हणजे निम्मी लढाई संपली.

उरलेली निम्मी तिच्या आईने संपवली. भाचीने त्याच संध्याकाळी साताऱ्याला फोन लावला. माझी बहीण स्पष्टवक्ती. ती म्हणाली, "हे बघ, तुझी सायकल इथं आली. तुझी गिटार इथं आली. तुझ्या कुंड्या इथं आल्या. मी कधी काही म्हटलं? सायकलीला फिरवून आणावं लागत नाही, गिटार रात्री रडत नाही. पण हे पिल्लू तू पुण्यात आणणार आणि दोन वर्षांनी सांभाळणार मी. तेव्हा आणायचं की नाही, ते मला विचार. मावशीला काय विचारतेस?"

याला मी सगळ्या प्रश्नाचे मर्म समजते. मध्यमवर्गीय घरात कुत्रा आणतो एक आणि पाळते दुसरी. आणणाऱ्याच्या वाट्याला फोटो येतात, पाळणारीच्या वाट्याला फडके. तेव्हा घरी कुत्रा आणायचा असेल तर घरातल्या बहुमताने ठराव करू नये. लादी पुसणाऱ्या माणसाला नकाराधिकार असावा.

मग कोणत्याच विद्यार्थ्याने कुत्रा पाळू नये काय? तसे मी म्हणणार नाही. जो आपल्या घरी राहून शिकतो, ज्याच्या घरी दिवसा आजी-आजोबा किंवा दुसरे कोणी असते, आणि ज्याच्या घरातल्या सगळ्यांनी आनंदाने होकार दिला आहे, त्याने जरूर पाळावा. पण पिल्लाऐवजी वाढलेला कुत्रा घ्यावा. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव ठरलेला असतो, तो काही तास एकटा राहू शकतो, आणि प्राण्यांच्या आश्रयस्थानांत असे कुत्रे घराची वाट पाहत असतात. आपला देशीच घ्यावा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; धापा टाकून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. बर्फातल्या ओढगाड्यांसाठी जन्मलेला केसाळ हस्की एप्रिलच्या पुण्यात आणून पंख्याखाली ठेवणे, ही हौस नव्हे, शिक्षा आहे. महापालिकेचा परवाना काढावा. लशी वेळेवर द्याव्यात. आणि पदवीनंतर कुत्रा कोठे राहणार, याचे उत्तर आणण्याच्या आधी कागदावर लिहून घरात सर्वांना वाचून दाखवावे.

ज्याला स्वतःची परीक्षा घ्यायची असेल त्याला मी एक सोपा अभ्यास सांगते. एक साखळी विकत आणा. महिनाभर रोज सकाळी सहाला उठून ती रिकामी साखळी हातात घेऊन अर्धा तास फिरून या. संध्याकाळी पुन्हा अर्धा तास. पाऊस असो, परीक्षा असो, आदल्या रात्री जागरण झालेले असो. शेजारी हसतील. हसू द्या. एका महिन्यानंतरही साखळी खुंटीवर गेली नसेल, तर कुत्र्याचा विचार करायला हरकत नाही.

आता तुम्ही विचाराल, त्या पांढऱ्या पिल्लाचे काय झाले? इमारतीच्या कोपऱ्यावर एक इस्त्रीवाले काका आहेत. गुलमोहराखाली त्यांचे टेबल, बाजूला कोळशाची इस्त्री. पिल्लांच्या आईला सकाळी भाकरीचा तुकडा घालणारे तेच, हे भाचीला त्या निमित्ताने कळले. पिल्लू दोन महिन्यांचे झाल्यावर काकांनीच ते आपल्याकडे घेतले. पांढरेशुभ्र म्हणून नाव ठेवले 'कांजी'. ते आता दिवसभर टेबलाखाली पसरलेले असते आणि रात्री काकांबरोबर त्यांच्या खोलीवर जाते. लशींचा खर्च भाची आणि तिच्या मैत्रिणी वर्गणी काढून करतात. दवाखान्याचे कार्ड भाचीच्या पिशवीत असते. संध्याकाळी कॉलेजातून परतताना ती कोपऱ्यावर थांबते. कांजी धावत येते. दहा मिनिटे तिथे जातात. मग ती वर जाऊन दिवा लावते. गंमत म्हणजे त्या दहा मिनिटांत तिची काकांशी ओळख झाली, समोरच्या किराणा दुकानदाराशी झाली, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींशी झाली. मध्यंतरी तिला ताप आला तेव्हा पेजेचे भांडे त्या आजींकडूनच वर गेले. एका पिल्लाने तिला गल्लीचा पत्ता दिला.

साऱ्या गल्लीत एका जागी, रोज, दिवसभर हजर असणारा माणूस एकच निघाला, आणि तोही ज्याला आपण गरीब समजतो तो. कुत्र्याच्या दृष्टीने त्याच्याइतका श्रीमंत दुसरा कोणी नसेल. आपल्याजवळ पैसा असतो, माया असते, हौस तर दांडगी असते. हजेरी तेवढी नसते. आणि कुत्रा हजेरीपट पाहणारा प्राणी आहे, प्राध्यापकांपेक्षाही कडक.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा दिवाळी तोंडावर आलेली असेल. तिकडे नेपाळात या दिवसांना तिहार म्हणतात. पहिल्या दिवशी कावळ्याला घास देतात. दुसऱ्या दिवशी कुकुर तिहार. त्या दिवशी कुत्र्यांना टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि गोडधोड खाऊ घालतात. घरच्या कुत्र्यालाही आणि रस्त्यावरच्याही. सुभाषितातल्या कावळ्याची आणि कुत्र्याची अशी सोय तिथे लागली आहे. बगळ्याचे कोणी काही केलेले दिसत नाही.

आपल्याकडे मात्र हे दिवस कुत्र्यांना वैऱ्याचे जातात. माणसाला फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक, सुमारे ४५,००० पर्यंतचे. आपल्याला दचकवणारा फटाका त्याच्या कानांवर कसा आदळत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. सुटीला घरी आलेल्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे. जिन्याखाली, गाडीखाली, कुठे तरी अंग चोरून एखादे कुत्रे थरथरत बसलेले दिसेल. त्याला आत येऊ द्या, खिडक्या लावून घ्या, पाण्याचे भांडे ठेवा. ओळखीचे असेल तर जवळ बसा. अनोळखी असेल तर हात लावू नका, थोडे दूर बसा. दहा मिनिटे पुरे आहेत. आणि आयांनो, सुटी संपवून मूल परत निघाले की लाडवांचा डबा भरताना त्याला एक प्रश्न विचारा: संध्याकाळी कुलूप उघडल्यावर तुझ्या खोलीत कोण असते?